ओळंब्याच्या मानेतली गाठ

आमच्या ह्यांना कामावर सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला लोखंडाचं वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. हेही तसेच, ताठ आणि मुके. विचारलेल्या प्रश्नाचं धड उत्तर ह्यांच्याकडून मिळालं, तर कुणी दुसराच घरात शिरलाय की काय म्हणून मी वळून बघते.

काम गिलाव्याचं. विटांची भिंत दुसरे उभी करतात, तिच्यावर सिमेंट चढवून ती गुळगुळीत करायची ह्यांनी. एका हातात थापी, दुसऱ्या हातात रंधा, म्हणजे मुठीची लाकडी फळी. छताचं काम असेल तर उजवा हात सबंध दिवस डोक्याच्या वर. ह्या कामाची एक खोड आहे, ती आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. ओला गिलावा अर्धवट सोडून उठता येत नाही. सोडला की सुकतो, आणि मग नव्या-जुन्याचा सांधा जन्मभर भिंतीवर दिसतो. म्हणून गिलाव्याचा माणूस हाक आली की ‘आलो’ म्हणतो आणि हातातलं पुरं करत बसतो. जेवायला हाक मारा, आलो. पाहुणे आलेत, आलो. घराला आग लागली असं ओरडले असते, तरी हे ‘आलो’ म्हणून कोपरा घोटत राहिले असते.

ही खोड दोघा भावांना होती. माझे मोठे दीर, त्यांना मीही दादाच म्हणायची, आणि हे, अशी दोघांची जोडी. आमची घरंसुद्धा जोडूनच, मधे एकच भिंत. तिच्या त्या अंगाचा गिलावा दादांनी केलेला, ह्या अंगाचा ह्यांनी. कामावर दोघं भिंतीच्या दोन बाजूंना असले की बोललेलं ऐकू जायचं नाही, म्हणून थापीच्या मुठीनं भिंत ठोकायचे. दोन ठोके म्हणजे ‘ये, हात लाव’. पलीकडून एक ठोका म्हणजे ‘आलो’. तीच सवय घरी आली. दिवेलागणीला दादा पलीकडून दोन ठोके द्यायचे, हे इकडून एक द्यायचे, आणि मग बाहेरच्या पायरीवर दोघं चहा पीत बसायचे, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. माझी जाऊ खिडकीतून बघून म्हणायची, “बघ गं, दोन भिंती हवा खायला बसल्यात.” आम्ही तोंडावर पदर दाबून हसायचो.

मग दादांच्या मानेत गाठ आली. उजव्या बाजूला, मान खांद्याकडे उतरते तिथं. ती काढली, तपासली, तर साधीच निघाली. काही नाही. पण काढताना खांद्याची नस दुखावली, आणि दादांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. गिलाव्याच्या माणसाचा हात वर जात नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवणार? दोघा भावांनी ती गोष्ट दाबून टाकली. वरचं सगळं हे करायचे, खालचं दादा. ठेकेदाराला पत्ता नाही. काही महिने असं निभावलं. मग एक दिवस दादा परांचीवर, म्हणजे बांबूच्या मचाणावर, चढले, पायाखालची फळी सरकली, आणि खांब धरायला हात वर गेलाच नाही. दादांना घरी आणलं ते चादरीतून.

त्यानंतर ह्यांचं होतं तेवढं बोलणंही आटलं. दिवेलागण झाली की मधल्या भिंतीशी जाऊन उभे राहायचे. कान देऊन. थोड्या वेळानं बोटाच्या पेरानं एकदाच भिंत वाजवायचे, टक्, आणि वळायचे. मी विचारलं, “काय करताय?” तर म्हणे, “काही नाही.” ह्या ‘काही नाही’वर मी आयुष्य काढलंय.

गाठ मला सापडली ती कॉलरमुळे. मी लॉन्ड्रीत इस्त्री करते. माणसाच्या कॉलरवरून तो कुठे खाजवतो, कुठे घाम पुसतो, ते मला दिसतं. घरी ह्यांचे शर्ट धुताना बघते तर उजवीकडची कॉलर तेवढी सिमेंटनं काळवंडलेली. एका शर्टाची असती तर सोडून दिलं असतं, पण सगळ्यांचीच. म्हणजे हा माणूस दिवसभर कामातून हात काढून मानेला लावतोय. त्या संध्याकाळी मी सरळ त्यांच्या मागं जाऊन मानेवर हात ठेवला. सुपारीएवढी, टणक. दादांची जिथं होती, अगदी तिथंच.

“कधीपासून आहे?”

“असेल.”

“असेल काय असेल! भाजीत खडा लागला तर ताट ढकलता, आणि मानेत हे घेऊन फिरताय?”

तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. सकाळी त्यांच्या बाजूची चादर ओली असायची, मी उकाड्याला बोल लावत होते. पँटचा पट्टा आत सरकला होता, मी म्हणत होते, बरं झालं, पोट उतरलं. माझंच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, सुई घालून तपासणी झाली. शेवटी सर्जन बाईंनी समोर बसवलं. तरुण होत्या, पण बोलायला सरळ. “गोळ्यांनी गाठ उतरली नाही, आणि सुईतून पुरेसं कळलं नाही. अख्खी गाठ काढून तपासावी लागेल.”

“संशय कसला आहे?” मी विचारलं.

“कॅन्सरचा. असला तर औषधानं पूर्ण बरा होणारा प्रकारही असू शकतो. पण कुठला ते कळल्याशिवाय औषध कुठलं द्यायचं? उशीर मात्र करू नका.”

हे मान खाली घालून बसले होते. एकच शब्द बोलले. “हात?”

“खांद्याची नस तिथूनच जाते,” बाई म्हणाल्या. “आम्ही आधी ती शोधतो, सांभाळून बाजूला ठेवतो. बहुतेकांना काही होत नाही. पण काहीच होणार नाही, असा शब्द मी नाही देऊ शकत.”

हे उठले. दाराशेजारच्या भिंतीवर पेरानं टक् केलं, सवयीनं. “विचार करून सांगतो,” म्हणाले आणि बाहेर पडले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय सांगणार, कपाळ?

रस्त्यात मी तोंड सोडलं. लोक वळून बघत होते, बघू देत. “हात गेला तर बसून खा, मी इस्त्री करीन. जीव गेला तर मी कुणाला इस्त्री करू?” हे चालत होते, माझ्यापुढं दोन पावलं, नेहमीसारखे. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, “दादाची साधीच निघाली होती. माझीही साधीच असेल.”

“आणि नसली तर?”

“तर नाही.”

हाताची भीती असलेला माणूस असं बोलत नाही. हात जाईल म्हणून घाबरलेला माणूस चिडतो, रडतो, दुसऱ्या डॉक्टरकडे नेतो. हे शांत होते. सामान बांधून झालेल्या माणसासारखे.

संध्याकाळी परत भिंतीशी. मी मुद्दाम शेजारी जाऊन उभी राहिले. बाहेर दिवे लागत होते, आत अजून लावले नव्हते. त्यांनी एकदम मान वळवली. “ऐकलंस?”

“काय?”

“दोन.”

मला काही ऐकू आलं नव्हतं. पण त्यांनी पेर उचलून टक् केलं. एकदा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोंडावर भीती नव्हती, लाज होती. उशिरा आलेलं पोर दारात उभं राहतं ना, तशी.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. उंदरांवर आहे, नळाच्या पाइपावर आहे, आणि एकट्या राहणाऱ्या बायकांच्या सवयींवर आहे. मी मनाशी ठरवून टाकलं की हे जाऊबाईंचं काम. बिचारी दादांच्या आठवणीनं संध्याकाळी भिंत वाजवते, आणि इकडे माझा नवरा वेडा व्हायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीतून येताना तशीच तिच्याकडे गेले.

ती शिवणाचं मशीन पुढ्यात घेऊन बसली होती. मी म्हटलं, “ताई, राग मानू नका, पण संध्याकाळी ते ठोके देणं बंद करा. हे मनाला लावून घेतात.”

तिनं चष्मा काढला. “कसले ठोके?”

“दोन. दादा द्यायचे तसले.”

“मी कशाला देऊ?” ती म्हणाली. “मला तर तुमच्याकडून एक येतो. रोज. मला वाटायचं भावोजी विचारतायत, वहिनी, आहात ना? म्हणून त्या वेळेला मी भिंतीशी स्टूल घेऊन बसते. कुठं गेले असले तरी तेवढ्याला परत येते.” आणि जरा थांबून, “मी एकदाही नाही वाजवलं गं. वाजवलं तर आमचे हे उत्तर देतील असं वाटेल, आणि नाही दिलं तर? म्हणून नाही वाजवत.”

आम्ही दोघी त्या भिंतीकडे बघत बसलो. दादांचा गिलावा, अजून आरशासारखा. मग ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, “चल. विचारू त्यांनाच.”

हे नुकतेच कामावरून आले होते, केसांत सिमेंट तसंच. जाऊबाई समोर बसली आणि सरळच म्हणाली, “भावोजी, तुम्हाला दोन ऐकू येतात?”

मला वाटलं, नेहमीसारखं ‘काही नाही’ येणार. मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली, ते जमिनीकडे बघत, एका दमात. इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून एका बैठकीत कधी ऐकली नव्हती.

त्या दिवशी दोघं एका मोठ्या खोलीच्या मधल्या भिंतीवर होते, हे अलीकडून, दादा पलीकडून. दादांच्या बाजूला वरचा पट्टा राहिला होता. त्यांनी दोन ठोके दिले. ये, हात लाव. ह्यांनी एक ठोका दिला. आलो. पण समोरचा गिलावा ओला होता, घोटायच्या बेताला आला होता. सोडला असता तर सांधा पडला असता. “मी म्हटलं, एवढा घोटतो आणि जातो,” हे म्हणाले. “तेवढ्यात परत दोन आले. मी परत एक दिला. मग काही आलं नाही. मला वाटलं, थांबलाय. मी कोपरा पुरा केला. आणि मग आवाज आला, ठोक्याचा नाही.”

मी उठून दार लोटून घेतलं.

“त्यानं बोलावलं आणि मी आलो म्हणालो,” हे म्हणाले. “गेलो नाही. आता रोज बोलावतो. त्याच जागी गाठ दिली. मला काढायची नाही वहिनी. आलो म्हणालोय.”

म्हणजे हे होतं तर. हात-बित काही नाही. हा माणूस रोज संध्याकाळी भिंतीशी उभा राहून मरायचं कबूल करत होता, आणि मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की आधी कशाला वाट करून द्यावी तेच कळेना.

जाऊबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती उठून उभी राहिली. मला वाटलं निघाली, आता ही दाराबाहेर गेली की दोन घरांमधलं सगळं संपलं. पण ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मला राग आलाय भावोजी. फार आलाय. उद्याही असेल, पुढच्या वर्षीही असेल. इतकी वर्षं मी कुणावर रागवायचं ते मला कळत नव्हतं. फळीवर रागावू? डॉक्टरवर? आता माणूस मिळालाय, तर तुम्ही निघालात होय? माझा राग काढून व्हायचाय अजून. तोवर कुठं जायचं नाही.”

ह्यांनी मान वर केली.

“आणि त्यांचं म्हणाल,” तिचा आवाज आता चिरकला, “हात गेला म्हणून नाही गेले ते. हात गेलाय हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून गेले. मी म्हणत होते, ठेकेदाराला सांगा, खालचं काम मागा. तुम्ही दोघं ऐकाल तर शपथ! आणि एक सांगू? गाठ साधी आहे म्हणून रिपोर्ट आला त्या दिवशी ते पोर होऊन झोपले. तोंड उघडं टाकून. त्याआधी कित्येक रात्री डोळ्याला डोळा नव्हता. हात असा लोंबत होता, तरी मला म्हणाले, कळलं ते बरं झालं. हे तुम्हाला नाही सांगितलं ना त्यांनी? नाहीच सांगणार. भिंती मेल्या दोन!”

हे रडले. मोठ्यानं नाही, पण खांदे हलत होते, आणि केसांतलं सिमेंट मांडीवर पडत होतं. मी जवळ गेले. “काढायची ना?” मी विचारलं. त्यांनी मान हलवली. एवढ्यावर माझं भागणार नव्हतं. म्हटलं, “मानेनं नाही, तोंडानं सांगा.”

“काढू,” ते म्हणाले. मग, “उद्या कामावर ठेकेदाराला पण सांगतो.”

गाठ काढली. सर्जन बाईंनी नस सांभाळली होती, पण ती गाठीला चिकटून होती, जरा ताणली गेली. हात खांद्यापर्यंत यायचा, वर नाही. “व्यायाम करा, महिने लागतील, पण येईल,” असं बाई म्हणाल्या. रिपोर्ट साधा आला नाही. आला तो कॅन्सरचाच, पण बाई म्हणाल्या होत्या त्या बऱ्या होणाऱ्यातला, आणि वेळेवर सापडलेला. मी दवाखान्याच्या बाकावर बसून हुंदके दिले. हे शेजारी बसून म्हणाले, “कळलं ते बरं झालं.” नेमके तेच शब्द. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

घरी आल्यावर कितीतरी दिवस ते मधल्या भिंतीकडे फिरकले नाहीत. मी विचारलं, “येतात का अजून?” तर म्हणाले, “नाही आले.” मला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती शांतताच मला खायला उठायची. दिवेलागण झाली की माझेच कान भिंतीकडे लागायचे.

मग ती संध्याकाळ. औषधाचा पहिला डोस घ्यायला निघायचं होतं, ह्यांना धुतलेला शर्ट घालायचा होता. डावी बाही गेली, उजवीला हात मागं वर जाईना. मी हात लावायला गेले तर कधी नव्हे ते चिडले. “राहू दे.” मी मागं सरले. कितीदा तरी प्रयत्न केला, घाम फुटला. मग शर्ट तसाच अर्धा लोंबत ठेवून ते भिंतीशी गेले. मला वाटलं, आता हे परत ‘आलो’ म्हणणार.

त्यांनी डावा हात उचलला आणि पेरानं भिंत वाजवली. दोनदा.

ये, हात लाव.

सबंध आयुष्यात त्यांनी दोन दिल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. बोलवायचे ते दादा, हे फक्त उत्तर द्यायचे. आम्ही थांबलो. आणि पलीकडून ठोका आला. एक. ह्या वेळी मीसुद्धा ऐकला, स्वच्छ, लाकडी मुठीचा असावा तसा.

“वहिनी आहेत,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. “दार उघड त्यांना.”

मी दार उघडलं. शेजारच्या दाराला कुलूप होतं.

मी कुलूप ओढून बघितलं. मग जाऊबाई रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळली, हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली. मला पाहून म्हणाली, “काय गं, अशी काय उभी?” मी तिचा हात धरून तिला आत ओढलं.

“वहिनी, लगेच आलात,” हे म्हणाले. “जरा बाही धरा. हात वर जात नाही माझा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी नको म्हटलं. एवढं तिला पुरलं. “बोलावल्यावर येणार नाही तर काय,” असं म्हणून तिनं पिशवी खाली ठेवली, त्यांच्या मागं गेली आणि बाही हळूच धरली. त्यांचा हात आत सरकला. बटणं तिनंच लावली, सगळ्यात वरचं सुद्धा, गाठ गेल्यावर आता ते सहज लागत होतं.

हे चपला घालायला बाहेर गेले तेव्हा तिनं मला दबक्या आवाजात विचारलं, “कोणी बोलावलं म्हणे मला?”

मी सांगितलं. दोन इकडून गेले ते. एक तिकडून आला तो. आणि कुलूप.

ती भिंतीजवळ गेली, तळवा ठेवून उभी राहिली. आवाज आला तो खमका, नवऱ्याला जेवायला चौथी हाक मारताना यायचा तसा.

“जिवंतपणी कधी एका हाकेत आला नाहीत,” ती भिंतीला म्हणाली.